हायब्रिड गाडीतला एसी आणि हीटर: ग्वाल्हेरचा मे आणि ग्वाल्हेरचा जानेवारी

आपल्या प्रश्नाचा सारांश असा. आपण ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहता, गेल्या दिवाळीच्या सुमारास स्ट्राँग हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर या दोन्हींवर चालू शकणारी, एसयूव्ही घेतली आणि नोव्हेंबरात शहरातल्या शहरात लिटरमागे २४ किलोमीटरचे अ‍ॅव्हरेज मिळाले. जानेवारीत ते १८ वर आले, मार्चमध्ये पुन्हा वर चढले आणि मे महिन्यात १७ झाले. उन्हाळ्यात गाडी सिग्नलला उभी असतानाही इंजिन आपोआप सुरू होते, तर थंडीत ते बंदच होत नाही. सर्व्हिस सेंटरने गाडीत दोष नसल्याचे सांगितले. शेजाऱ्यांनी मात्र चार सल्ले दिले: सिग्नलला एसी बंद करावा, लवकर गारवा हवा असेल तर तापमान 'लो'वर ठेवावे, आतली हवा आत फिरवणारे बटण कायम दाबलेले असावे आणि जाममध्ये गाडी न्यूट्रलला टाकावी. यांतले काय खरे, असे आपण विचारले आहे.

गाड्यांच्या वातानुकूलनाचे काम मी याच शहरात वीस वर्षांहून अधिक काळ करीत आहे आणि हायब्रिड गाड्या येथे दिसू लागल्यापासून त्याही हाताळत आहे. आपली गाडी निरोगी आहे, हे आपण दिलेल्या आकड्यांवरूनच दिसते. सल्ल्यांपैकी तिसरा अर्धा खरा आहे, पहिले दोन निरुपयोगी आहेत आणि चौथा अपायकारक आहे. तो का अपायकारक आहे हे समजण्यासाठी आधी या गाडीत गारवा कोठून येतो आणि ऊब कोठून येते, हे पाहावे लागेल, कारण या दोन गोष्टी दोन वेगळ्या ठिकाणांहून येतात आणि त्यांची किंमतही वेगवेगळ्या रीतीने वसूल होते.

साध्या पेट्रोल गाडीत एसीचा कॉम्प्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. इंजिन थांबले की कॉम्प्रेसर थांबतो. ज्यांना माइल्ड हायब्रिड म्हणतात, म्हणजे ज्यांत मोटर इंजिनाला केवळ हातभार लावते, त्या गाड्यांतही सर्वसाधारणपणे हीच रचना असते, म्हणून सिग्नलला इंजिन बंद झाले की त्यांच्या जाळीतून थोड्याच वेळात कोमट हवा येऊ लागते. आपल्या स्ट्राँग हायब्रिडमध्ये तसे नाही. तिचा कॉम्प्रेसर विजेच्या मोटरवर, थेट उच्च दाबाच्या हायब्रिड बॅटरीच्या विजेवर चालतो. टोयोटाने २००३ साली दुसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये संपूर्ण विजेवर चालणारा कॉम्प्रेसर बसवला आणि पुढे स्ट्राँग हायब्रिडमध्ये ही पद्धत रूढ झाली. इंजिन बंद असतानाही गारवा अखंड मिळतो, हा तिचा पहिला फायदा. दुसरा फायदा याहून मोठा आहे: कॉम्प्रेसर गरजेप्रमाणे सावकाश किंवा वेगाने फिरू शकतो, घरातल्या इन्व्हर्टर एसीसारखा. त्याला सावकाश फिरू दिले तर तो फारच थोडी वीज घेतो, आणि बटणे दाबण्याचे सगळे कौशल्य त्याला लवकरात लवकर सावकाश फिरण्याच्या स्थितीत आणण्यात आहे.

आता उभ्या गाडीत इंजिन का सुरू होते ते पाहू. मध्यम आकाराच्या हायब्रिड एसयूव्हींमध्ये बॅटरी पाऊण युनिटाच्या आसपास असते. युनिट म्हणजे घरच्या वीजबिलावरचेच युनिट. हायब्रिडचा संगणक ही बॅटरी कधी पूर्ण भरू देत नाही आणि कधी पूर्ण रिकामीही होऊ देत नाही, त्यामुळे प्रत्यक्ष वापरायला मिळते ती साधारण तिसरा हिस्सा युनिट वीज. उन्हात तापलेली गाडी गार करताना कॉम्प्रेसर आणि पंखा मिळून दोन किलोवॅटच्या घरात वीज सहज घेतात. म्हणजे वापरण्याजोगी सगळी शिल्लक नऊ-दहा मिनिटांत संपते. गाडी एकदा गार झाली आणि मागणी एक किलोवॅटवर आली, तर तीच शिल्लक अठरा-वीस मिनिटे पुरते. ती संपत आली की इंजिन सुरू होऊन बॅटरी भरते आणि पुन्हा थांबते. महाराज बाड्याच्या गर्दीत आपण जे ऐकता ते हेच. तो बिघाड नव्हे.

अ‍ॅव्हरेजचा हिशेबही असाच मांडता येतो, आणि तो प्रत्येक हायब्रिड मालकाने एकदा तरी स्वतः मांडून पाहावा असे मला मनापासून वाटते, कारण त्यानंतर निम्म्या शंका उरत नाहीत. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ९ युनिट ऊर्जा असते. हायब्रिडचे इंजिन आणि जनरेटर मिळून तिचा साधारण तिसरा हिस्सा वीज म्हणून हाती देतात, म्हणजे लिटरमागे ढोबळमानाने ३ युनिट. एसी तासभर सरासरी एक किलोवॅटने चालला तर एक युनिट वीज, अर्थात लिटरचा तिसरा हिस्सा पेट्रोल लागते. लष्कर, पडाव, फूलबाग, ठाठीपूर अशा रस्त्यांवर गाडीचा सरासरी वेग तासाला २० किलोमीटर धरला, तर २४ च्या अ‍ॅव्हरेजने तासाभरात सुमारे ०.८३ लिटर पेट्रोल लागेल. त्यात एसीचे ०.३३ मिळवले की १.१६ लिटर होतात. वीस किलोमीटरना १.१६ लिटर म्हणजे लिटरमागे १७. आपल्याला मेमध्ये मिळालेला आकडा हाच आहे.

तीच गाडी आग्र्याच्या रस्त्यावर तासाला ८० किलोमीटरने चालली आणि तेथे तिचे एरवीचे अ‍ॅव्हरेज २२ असले, तर तासाला ३.६४ लिटर पेट्रोल लागते. त्यात तेच ०.३३ मिळवले तर अ‍ॅव्हरेज २० होते. शहरात सात किलोमीटरची घट, हमरस्त्यावर दोनची. एसीचे बिल किलोमीटरवर चढत नाही, घड्याळावर चढते. गाडी चालो वा थांबो, प्रत्येक मिनिटाचा आकार लागत राहतो. म्हणून हमरस्त्यावर पेट्रोल वाचवण्यासाठी एसी बंद करून खिडक्या उघडणे व्यर्थ आहे. त्या वेगाला उघड्या खिडक्यांमुळे वाढणारा वाऱ्याचा विरोधच बराचसा नफा खाऊन टाकतो, आणि मुरैन्याच्या पुढची धूळ फुप्फुसात जाते ती वेगळी. काळजी घ्यायची ती शहरात, आणि तिथेही सर्वांत अधिक पहिल्या दहा मिनिटांत.

मे महिन्यात ग्वाल्हेरचा पारा ४५ च्या वर जातो. उन्हात तासभर बंद उभ्या असलेल्या गाडीच्या आतली हवा बाहेरच्यापेक्षा वीस-पंचवीस अंशांनी अधिक तापते, आणि डॅशबोर्डला तर हात लावता येत नाही. अशा गाडीत शिरून लगेच काचा बंद करून एसी लावणे म्हणजे पासष्ट अंशांची हवा बॅटरीच्या विजेने गार करणे होय. त्याऐवजी आधी चारही काचा खाली कराव्यात, एसी आणि पंखा चालू करून बाहेरची हवा आत घेणारी स्थिती ठेवावी आणि गाडी हळूहळू हलवावी. बाहेरची लू कितीही कडक असली तरी ती आतल्या हवेपेक्षा गारच असते. अर्ध्या-पाऊण मिनिटात भट्टी बाहेर पडते. मग काचा बंद कराव्यात आणि आतली हवा आत फिरवणारे बटण दाबावे. ज्यांच्या घरी अजून वाळ्याचा पडदा आणि कूलर आहे, त्यांची येथे हमखास गल्लत होते, कारण कूलरला एक खिडकी उघडी लागते आणि ती सवय हाताला जडलेली असते. एसीला मात्र, भट्टी एकदा बाहेर गेली की, फट म्हणून चालत नाही.

त्याहून स्वस्त उपाय अर्थातच गाडी तापूच न देण्याचा आहे. समोरच्या काचेमागे चकचकीत पडदा लावणे, सावली शोधताना शंभर पावले अधिक चालण्याची तयारी ठेवणे आणि कामे एकत्र करणे हे तीन उपाय कोणत्याही बटणापेक्षा अधिक वाचवतात. बँक, भाजी आणि औषधे यांसाठी दुपारी तीन वेळा बाहेर पडलात तर तीन वेळा तापलेली गाडी गार करण्याचा खर्च होतो. ज्या गाड्यांत मोबाइलवरून एसी आधीच सुरू करता येतो, त्यांनी ही सोय दोन-तीन मिनिटांपुरतीच वापरावी. तापलेली बॅटरी आणि मोठी मागणी एकत्र आली की इंजिन सुरू होणारच.

आता 'लो'विषयी. तापलेल्या गाडीत आपण ऑटोवर, म्हणजे लावलेले तापमान यंत्रणेने स्वतःच राखण्याच्या स्थितीत, २४ लावले तरी यंत्रणा पहिली काही मिनिटे पूर्ण ताकदीनेच चालते, कारण तिला दिसणारा फरक चाळीस अंशांचा असतो. 'लो' लावल्याने गारवा लवकर येत नाही. फरक पडतो तो नंतर. २४ वर गाडी जसजशी गार होते तसतसा कॉम्प्रेसर मंदावतो आणि पंखाही खाली येतो. 'लो'वर मात्र थांबायचे कोठे हे यंत्रणेला सांगितलेलेच नसते, म्हणून ती पूर्ण ताकदीने चालतच राहते. मग मागे बसलेली आजी पदर लपेटून घेते, पुढचा माणूस जाळी बंद करतो आणि वीज तेवढीच जात राहते. मी मे-जूनच्या दुपारी २४ किंवा २५ आणि संध्याकाळी २६ सुचवतो. घरगुती एसींना आपल्या देशात २०२० पासून २४ अंशांची मूळ स्थिती ठरवून देण्यात आली, तिच्यामागचा विचारही हाच आहे. आकडा एकदा लावल्यावर त्याला हात लावू नये. सिग्नलला एसी बंद करणे आणि सुटल्यावर पुन्हा लावणे म्हणजे सावकाश चालणाऱ्या कॉम्प्रेसरला थांबवून पुन्हा धावायला लावणे आहे. त्यात जे वाचते ते पुढच्या दोन मिनिटांत परत जाते.

ऑटो नीट चालावे यासाठी त्याचे डोळे उघडे असायला हवेत. बहुतेक ऑटो क्लायमेट गाड्यांत स्टिअरिंगच्या आसपास एक छोटी जाळी असते, तिच्यामागे आतल्या हवेचे तापमान मोजणारा सेन्सर असतो. पुढच्या बंपरमागे बाहेरच्या हवेचा असतो. आणि पुष्कळ गाड्यांत डॅशबोर्डवर, काचेच्या पायथ्याशी काळ्या बटणासारखा उन्हाचा सेन्सर असतो. आपल्याकडे डॅशबोर्डवर गणपती ठेवण्याची आणि खाली मखमलीचा तुकडा अंथरण्याची पद्धत आहे. तो तुकडा उन्हाच्या सेन्सरवर आला की गाडीला वाटते सावली आहे, आणि भर दुपारी पंखा मंद राहतो. मूर्ती चार बोटे बाजूला घ्यावी, एवढेच. छोट्या जाळीवर पॉलिशचा फवारा मारू नये. ती चिकट धुळीने बुजली की आतले तापमान चुकीचे वाचले जाते आणि मालक महिनोन्महिने आकडा वरखाली करीत बसतो.

आतली हवा आत फिरवण्याचा सल्ला उन्हाळ्यापुरता योग्य आहे, कारण चोवीस-पंचवीस अंशांवर आलेली हवा पुन्हा गार करणे हे पंचेचाळीस अंशांची हवा गार करण्यापेक्षा कितीतरी सोपे असते. पण 'कायम' हा शब्द त्यातून काढून टाकावा. चौघे जण बंद गाडीत बसले की श्वासांतून निघणारा कार्बन डायऑक्साइड साचत जातो, जडपणा येतो आणि चालकाला डुलकी लागू शकते. लांबच्या प्रवासात दर वीस-पंचवीस मिनिटांनी दोन-तीन मिनिटे बाहेरची हवा आत घ्यावी. शहरात दारे उघडत-मिटत असल्याने हा प्रश्न सहसा येत नाही.

इको मोडविषयी मोजकेच सांगतो. पुष्कळ हायब्रिड गाड्यांत इको निवडल्यावर अ‍ॅक्सिलरेटर तर सौम्य होतोच, शिवाय एसीची ताकदही आवरती घेतली जाते. ऑक्टोबर-मार्चमध्ये ते उत्तम आहे. मे महिन्याच्या दुपारी पहिली दहा मिनिटे नॉर्मल मोड ठेवावा आणि गाडी गार झाली की इको लावावा. काही गाड्यांत फक्त पुढच्या आसनांकडे हवा वळवण्याची सोय असते. एकटे जात असाल तर ती जरूर वापरावी.

न्यूट्रलचा सल्ला मात्र मनातून काढून टाकावा. आपल्या प्रकारच्या हायब्रिडमध्ये गिअर 'एन'वर असला की इंजिन चालू असले तरी बॅटरी भरली जात नाही, आणि एसी तर त्याच बॅटरीवर चाललेला असतो. चंबळच्या पुलाच्या अलीकडे जाममध्ये अडकलेला माणूस 'एन' लावून, हँडब्रेक ओढून, एसी सुरू ठेवून बसतो आणि वीस मिनिटांनी पडद्यावर इशारा उमटतो. असे फोन मला दर उन्हाळ्यात येतात. थोडा वेळ थांबायचे असेल तर 'डी'मध्ये ब्रेक धरून थांबावे, अधिक वेळ असेल तर 'पी' लावावा. त्याचप्रमाणे कोणाची वाट पाहताना गाडी 'रेडी' स्थितीत आहे का, हे पाहावे. ब्रेक न दाबता केवळ बटण दाबून पडदा उजळला, तर पंखा फिरतो पण कॉम्प्रेसर चालत नाही. साध्या १२ व्होल्टच्या बॅटरीवरच सारा भार पडतो आणि ती अर्ध्या-पाऊण तासात दगा देऊ शकते. हायब्रिडची मोठी बॅटरी भरलेली असूनही ही छोटी बॅटरी बसली की गाडी सुरूच होत नाही.

ज्या विषयावर कोणी बोलत नाही आणि ज्याची मला सर्वांत अधिक चिंता वाटते, तो आता सांगतो. अनेक हायब्रिड गाड्यांत मोठी बॅटरी मागच्या आसनाखाली किंवा आसनामागे असते आणि तिला गार ठेवण्यासाठी एक छोटा पंखा गाडीच्या आतलीच हवा ओढतो. त्याची जाळी मागच्या आसनाच्या कडेला किंवा खाली दिसते. आपल्या गाडीत ती कोठे आहे, हे पुस्तिकेत पाहून आजच बोट ठेवून खात्री करावी. बॅटरीला सोसणारे तापमान माणसाला सोसणाऱ्या तापमानापेक्षा फार वेगळे नाही. ती तापली की संगणक तिच्यातून वीज घेणे आणि तिच्यात भरणे दोन्ही कमी करतो, मग इंजिन अधिक वेळ चालते, आणि अशी वर्षे गेली की बॅटरीचे आयुष्यच घटते. थोडक्यात, उन्हाळ्यात एसी लावणे ही या गाडीत चैन नाही. आपल्याबरोबर बॅटरीही त्याच गारव्यावर जगते. पेट्रोल वाचवण्यासाठी मे महिन्याच्या दुपारी एसी बंद ठेवून चालवणारे लोक काही रुपयांसाठी गाडीतला सर्वांत महाग भाग भाजून काढत असतात.

दोन वर्षांपूर्वी लग्नसराईत एक कुटुंब झाशीहून परतताना पडद्यावर इशारा आला म्हणून थेट माझ्याकडे आले. मागच्या आसनावर आणि पायांशी शालू-शेल्यांच्या पिशव्या रचलेल्या होत्या आणि त्यांतली एक बरोबर त्या जाळीवर टेकली होती. पिशवी हलवली, गाडी सावलीत उभी करून एसी चालू ठेवला आणि अर्ध्या तासाने इशारा गेला. त्या जाळीमागे बहुधा एक फिल्टरही असतो. आपल्याकडे एप्रिल-जूनमध्ये आंधी येते, धुळीचा थर सगळीकडे बसतो, म्हणून पुस्तिकेत दिलेल्या अवधीची वाट न पाहता तो पावसाळ्यापूर्वी साफ करून घ्यावा. जाळीवर पांढरे केस दिसले तर घरात कुत्रा आहे हे मला विचारावे लागत नाही.

पावसाळ्यात प्रश्न गारव्याचा राहत नाही, दमटपणाचा होतो. काच आतून धूसर झाली तर एसी सुरू ठेवून, बाहेरची हवा आत घेऊन, झोत काचेकडे वळवावा. इव्हॅपोरेटरवर, म्हणजे एसीच्या हवा गार करणाऱ्या भागावर, हवेतले पाणी गोठून नव्हे, तर थेंब होऊन गळते आणि कोरडी हवा काच पुसून काढते. या वेळी आतली हवा आत फिरवणारे बटण दाबलेले असेल तर धूसरपणा वाढतच जातो. काच बाहेरून धूसर झाली असेल तर उलट करावे लागते: काच फार गार झाली आहे, म्हणून झोत काचेवरून काढावा, तापमान दोन अंशांनी वाढवावे आणि वायपर फिरवावा. आत की बाहेर, हे बोटाने पुसून पाहिले की कळते. मुक्कामाच्या दोन मिनिटे आधी एसी बंद करून नुसता पंखा चालू ठेवला तर इव्हॅपोरेटर वाळतो आणि ऑगस्टमध्ये येणारा कुबट वासही येत नाही. केबिन फिल्टर बहुतेक गाड्यांत ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. तो धुळीने भरला की पंखा ओरडतो पण हवा येत नाही. या शहरात मी तो वर्षातून दोनदा बदलतो.

आता जानेवारी. येथे सगळा हिशेब फिरतो. गारवा बॅटरी देते, पण आपल्याकडच्या हायब्रिड गाड्यांत ऊब इंजिन देते: इंजिनाभोवती फिरणारे गरम कूलंट हीटरच्या छोट्या रेडिएटरमधून जाते आणि त्यावरून आलेली हवा आपल्याला मिळते. हायब्रिडचे इंजिन मुळात कमी उष्णता वाया घालवणारे आणि संधी मिळताच थांबणारे असते. कूलंट ठरावीक पातळीखाली उतरले आणि हीटर ऊब मागत असला, की संगणकाला इंजिन केवळ गरम पाण्यासाठी चालवावे लागते. म्हणून थंडीत आपल्या गाडीचे इंजिन थांबत नव्हते. उन्हाळ्यात आपण एसीला दोष देतो तो थोडाफार रास्त आहे. थंडीत पेट्रोल पिणारा हीटर मात्र नजरेआड राहतो, कारण हीटर फुकट असतो अशी जुन्या गाड्यांची शिकवण आपल्या मनात असते. जुन्या गाडीत ती खरीच होती, कारण तिचे इंजिन कसेही चालूच असे.

उपाय सोपे आहेत. गाडी सुरू केल्यावर पहिला मिनिटभर इंजिन स्वतःच्या आणि धूर शुद्ध करणाऱ्या यंत्राच्या तापण्यासाठी चालणारच, त्याला इलाज नाही. पण कूलंट गार असल्याचा निळा दिवा विझेपर्यंत हीटर मागू नये. तोवर ऊब मिळत नाहीच. नंतर तापमान २० किंवा २१ ठेवावे. 'हाय' लावले की इंजिनाला विसावा नाही. सकाळी सात वाजता मुरारपर्यंत चार-पाच किलोमीटरच जायचे असेल तर स्वेटर आणि मफलर घालून, क्लायमेट पूर्ण बंद ठेवून जावे. एवढ्या अंतरात गाडी धड तापत नाही आणि पेट्रोल मात्र जाते. आसन तापवण्याची सोय असेल तर ती आधी वापरावी, कारण आसनामागे पन्नास ते शंभर वॅट एवढीच वीज लागते आणि ऊब थेट पाठीला मिळते. लांबच्या प्रवासात इंजिन तसेही चालूच असते, तेव्हा हीटर निर्धास्त वापरावा.

धुक्यात मात्र काटकसर नको. डिसेंबरात तानसेन समारोहातून रात्री उशिरा हजिऱ्याहून परतताना काच आतून धूसर होते, तेव्हा समोरच्या काचेचे डीफ्रॉस्ट बटण दाबावे. त्याने बहुधा एसी आपोआप सुरू होतो, बाहेरची हवा आत येते आणि इंजिनही चालू होते. थंडीत एसीचा दिवा लागलेला पाहून पुष्कळ जण तो बंद करतात. तो बंद करू नये. हवा कोरडी करण्याचे काम तोच करतो आणि मग हीटर तिला उबदार करतो. समोरचे दिसणे अ‍ॅव्हरेजपेक्षा मोलाचे आहे.

याच ऋतूत एक धोका असतो आणि तो मी प्रत्येक हायब्रिड मालकाला सांगतो. गाडी 'रेडी' असताना शांत असते, म्हणून ती बंद आहे असे वाटते; पण बॅटरी उतरली किंवा कूलंट गार झाले की इंजिन आपोआप सुरू होते. बंद गॅरेजमध्ये, वाड्याच्या पडवीत किंवा शटर ओढलेल्या दुकानात अशी गाडी उभी ठेवून आत कोणी झोपले, तर कार्बन मोनॉक्साइडने जीव जाऊ शकतो. त्या वायूला वास नसतो. मोबाइलवरून एसी किंवा हीटर सुरू करतानाही गाडी मोकळ्या जागेत आहे, हे आधी पाहावे. घरातल्या वृद्धांना आणि गाडी धुणाऱ्या मुलालाही हे समजावून सांगावे.

शेवटी दुरुस्तीविषयी, कारण गारवा कमी झाला की लोक जवळच्या दुकानात 'गॅस भरून द्या' म्हणून गाडी नेतात. विजेवर चालणाऱ्या कॉम्प्रेसरमध्ये मोटर आणि तेल एकाच डब्यात असतात. त्यामुळे त्यात वीज न वाहू देणारे, पीओई जातीचे तेल लागते. साध्या गाड्यांत सर्रास वापरले जाणारे पीएजी तेल त्यात थोडे जरी मिसळले तरी विद्युतरोधन कमी होते, गाडीला विजेची गळती जाणवते आणि सगळी हायब्रिड यंत्रणा बंद पडू शकते. माझ्याकडे अशी एक गाडी आली होती. एका दुकानात गॅसबरोबर 'थोडे तेलही' घातले गेले होते, आणि कॉम्प्रेसरसह जवळजवळ सगळ्या नळ्या बदलाव्या लागल्या. गॅस भरण्याच्या यंत्रातूनही, आधीच्या गाडीचे तेल नळीत राहिलेले असल्यास, तो दोष येऊ शकतो. म्हणून दुकानदाराला आधी दोन प्रश्न विचारावेत: हायब्रिडसाठी वेगळे यंत्र किंवा धुतलेल्या नळ्या आहेत का, आणि तेल कोणते. उत्तर लगेच आणि स्पष्ट आले नाही तर किल्ली हातात द्यायची नाही. बॉनेटखाली नारिंगी आवरणाच्या तारा दिसतात, त्या उच्च दाबाच्या आहेत. त्यांना प्रशिक्षित माणसाशिवाय कोणी हात लावू नये, आणि कंडेन्सर, म्हणजे एसीची उष्णता बाहेर टाकणारी पुढची जाळी, धुतानाही पाण्याची धार सौम्य असावी.

आपण पुढच्या मेमध्ये हे सर्व केले तरी अ‍ॅव्हरेज २४ होणार नाही. एसी घड्याळावर चालतो आणि बाड्यावरची गर्दी तशीच राहील. सावली, २४-२५ अंश आणि ऑटो एवढे पाळले तर ते १९-२० च्या आसपास यावे अशी माझी अपेक्षा आहे. त्याच्या बरेच खाली राहिले, किंवा पंधरा मिनिटे चालवूनही मधल्या जाळीतून येणारी हवा स्पष्ट गार लागत नसेल, तर बॅटरीची जाळी, केबिन फिल्टर आणि कंडेन्सर या क्रमाने तपासून घ्यावे आणि गॅसचा विचार सर्वांत शेवटी करावा.